यज्ञेश आजोबांचा वाढदिवस

माणसाचा माणसावरचा विश्वास हाच समाजाचा पाया आहे, असं ‘निवांत हाइट्स’च्या लॉबीत पितळी अक्षरांत लिहिलेलं आहे. त्यातला ‘पाया’ गेल्या गणपतीत कोणीतरी काढून नेला. तेव्हापासून उरलेल्या वाक्यावर एक कॅमेरा रोखलेला असतो.

निवांत हाइट्स ही भांडुप पश्चिमेला, टेकडीच्या अंगाला, फक्त साठीपुढच्या लोकांसाठी बांधलेली इमारत. दारांना उंबरे नाहीत, बाथरूममध्ये धरायला दांड्या आहेत आणि प्रत्येक पलंगाशेजारी एक लाल दोरी लोंबते. रात्री-अपरात्री काही झालं तर ती ओढायची, म्हणजे खाली वॉचमनकडे घंटा वाजते. वॉचमन मग इंटरकॉमवर विचारतो, “खरंच ओढली की चुकून?”

त्याचंही चूक नाही. इमारतीचं वळणच तसं आहे. इथले बहुतेक रहिवासी उभा जन्म दुसऱ्यांच्या कागदांवर शंका काढून पेन्शनीत निघालेले. तिसऱ्या मजल्यावरचे हर्षदभाई शहा बँकेच्या दक्षता विभागात होते. चौथ्यावरचे चंद्रप्रकाश राणे विमा कंपनीत, दावे विभागात. माणूस मेला असं घरच्यांनी सांगितलं तरी पटकन मान्य करायचं नाही, हे राण्यांचं काम होतं आणि ते त्यांनी मन लावून केलं. बायको गेल्यावर मुलीने आणि जावयाने त्यांना हा फ्लॅट शोधून दिला. जावई यज्ञेश. फ्लॅटमध्ये सकाळचं ऊन येतं, लिफ्ट मोठी आहे, शेजार चांगला आहे. एवढं सगळं चांगलं त्याने का शोधलं असेल, हा प्रश्न राण्यांना तीन वर्षांत सुटलेला नव्हता.

अशा लोकांपुढे एका बुधवारी संध्याकाळी पोलीस चौकीतले सुशांत साळुंखे भाषणाला आले. विषय ऑनलाइन फसवणूक. साळुंख्यांनी घाबरवायला सुरुवात केली तेव्हा चहा यायचा होता. थांबले तेव्हा चहावर साय आली होती.

“खरं नाव सांगायचं नाही. पत्ता नाही. जन्मतारीख नाही. समोरचा गोड बोलतो म्हणजे काहीतरी आहे. आता तर लहान पोराचा आवाजपण काढतात. ‘आजोबा, मी बोलतोय,’ म्हणतात. आजोबा विरघळले की खातं साफ.”

“आणि खरंच लहान मूल असलं तर?” अनुपमा वैद्यांनी विचारलं. त्या कॉलेजात ग्रंथपाल होत्या आणि इमारतीत जे काही सांस्कृतिक घडे ते त्यांच्यामुळे घडे.

साळुंख्यांनी विचार केला. “तरी नाही,” ते म्हणाले.

नेमक्या पुढच्याच आठवड्यात अनुपमाबाईंचा उपक्रम सुरू व्हायचा होता. टेकडीखाली पालिकेची शाळा आहे. तिथल्या चौथीच्या मुलांना वाचायला जड जातं, म्हणून दर गुरुवारी दुपारी इमारतीतल्या आठ-दहा जणांनी जायचं, एकेकाने एकेक मूल घ्यायचं आणि शेजारी बसून वाचून घ्यायचं. शाळेने आनंदाने हो म्हटलं होतं. मुलांची नावं मात्र आधी द्यायला नकार दिला, तसा नियम आहे म्हणाले. मुलं स्वतःच सांगतील.

“बघा,” हर्षदभाई तयारीच्या बैठकीत म्हणाले. “ते लोक नाव देत नाहीत. आणि आपण द्यायचं?”

“हर्षदभाई, ती चौथीतली मुलं आहेत.”

“अनुपमाबेन, मुलं चौथीतली. मागे कोण आहे ते कुठल्या इयत्तेत, ते तुम्हाला माहीत आहे का?”

याला उत्तर नव्हतं, कारण याला अर्थ नव्हता. पण बैठकीत त्यामुळेच त्याचं वजन पडलं. ठरलं असं की शाळेत जाताना प्रत्येकाने दुसरं नाव घ्यायचं. एकदा घेतलं की तेच धरून ठेवायचं, पुढची माहितीसुद्धा त्याच नावाला शोभेल अशी द्यायची. हर्षदभाईंनी बजावलं, की खोटी माहिती पकडली जाते ती ती खोटी असते म्हणून नाही, बदलत राहते म्हणून.

हर्षदभाई झाले रमणिकलाल. अनुपमाबाईंनी आधी नाक मुरडलं आणि मग शर्मिष्ठा हे नाव इतक्या लगेच सांगितलं, की ते त्यांनी पन्नासेक वर्षं तयार ठेवलं असावं. चंद्रप्रकाश राण्यांनी फार विचार केला नाही. काही लफडं झालंच तर ते योग्य माणसाच्या गळ्यात पडावं, एवढाच हेतू.

“यज्ञेश,” ते म्हणाले.

पहिल्या गुरुवारी शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या टाकल्या होत्या. वर्गाच्या बाई मुलांना बाहेर सोडून आत गेल्या. तो एक तास त्यांना मोबाइलवर शाळेची माहिती भरायला मिळणार होता, आणि त्या पाठ फिरवून जोरात भरत होत्या. राण्यांच्या वाट्याला एक मुलगी आली. दोन वेण्या, एका वेणीची रिबीन सुटलेली. ती सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला बसली.

“नाव काय गो बाय तुझं?”

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं, मग आत बाईंकडे पाहिलं. “शीतल,” ती म्हणाली. “तुमचं?”

राण्यांनी जिन्याकडे पाहिलं. “यज्ञेश.”

“असं नाव आजोबांचं नसतं.”

“माझं आहे.”

“बरं,” ती म्हणाली. ते दावे विभागातलं ‘बरं’ होतं. राण्यांनी ओळखलं.

त्यांनी पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढला. तिने घेतला नाही. “आधी तुम्ही खा,” म्हणाली. राण्यांनी एक खाल्लं. ती थोडा वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, मग तिनेही एक घेतलं.

पुस्तक होतं एका म्हशीचं. म्हशीला बाजारात छत्री सापडते आणि ती छत्री कोणाची हे ती विचारत फिरते, अशी गोष्ट. शीतल बोट ठेवून वाचायची. साधे शब्द सुटायचे, जोडाक्षर आलं की बोट थांबायचं आणि ती राण्यांकडे बघायची. राणे सांगायचे नाहीत. तेसुद्धा बघत राहायचे. विम्याच्या कामात त्यांना एवढंच येत होतं: समोरचा बोलेपर्यंत गप्प बसणं. पोरीला ते आवडलं असावं, कारण शाळेत तिच्याआधी कोणी ना कोणी उत्तर ओरडायचं. इथे कोणी ओरडत नव्हतं. तिला हवा तेवढा वेळ मिळायचा आणि मग शब्द यायचा. “छ-त्री-वा-ल्या-च्या,” एवढा लांब शब्द आला त्या दिवशी तिने बिस्किट न तपासता खाल्लं.

घंटा नेहमी शेवटच्या पानांच्या अलीकडे व्हायची, कारण ती दर वेळी गोष्ट पहिल्यापासून वाचायची. छत्री शेवटी कोणाची निघते, राण्यांना माहीत नव्हतं. पुस्तक समोर होतं, पान उलटून बघता आलं असतं. त्यांनी ते केलं नाही. तो दावा तिचा होता.

हळूहळू गुरुवार राण्यांच्या अंगवळणी पडला. बुधवारी ते दाढी करेनात, म्हणजे गुरुवारी ताजी होईल. लिफ्टमध्ये त्यांना हर्षदभाईंनी एकदा ‘छत्रीवाल्याच्या’ असं पुटपुटताना पकडलं.

“चंदूभाई, तब्येत ठीक?”

“झकास.”

“हां. असंच सुरू होतं,” हर्षदभाई म्हणाले.

आणि जानेवारी संपता संपता ते सुरू झालं. शीतलने पुस्तक उघडण्याआधी विचारलं, “आजोबा, तुमचा वाढदिवस कधी?”

राणे सरळ होऊन बसले. “का?”

“असंच.”

असंच कोणी काही विचारत नाही. राण्यांनी यज्ञेशची जन्मतारीख आठवायचा प्रयत्न केला. दर वर्षी मुलगी आठवण करून द्यायची, त्यामुळे पाठ नव्हती. “फेब्रुवारीत,” ते म्हणाले. “बारा.”

“तुमच्या आईचं नाव?”

“तुला काय करायचंय?”

“तुम्ही पहिल्यांदा कुठल्या शाळेत गेलात? घरी कुत्रा-मांजर होतं का? त्याचं नाव काय?”

राण्यांनी घड्याळ पाहिलं आणि औषधाची वेळ झाल्याचं सांगून उठले. हर्षदभाई फाटकाशीच भेटले. त्यांचा चेहरा पाहूनच कळलं.

“तुमच्यावाल्यानेपण विचारलं?” राणे म्हणाले.

“आईचं नाव. पहिली शाळा. पाळलेला प्राणी.” हर्षदभाईंनी आवाज खाली आणला. “चंदूभाई, हे बँकेचे प्रश्न आहेत. पासवर्ड विसरलात की बँक हेच विचारते. सेम टू सेम.”

“सगळ्या पोरांनी एकच विचारलं?”

“शब्दाला शब्द. कोणीतरी पढवून पाठवलंय.”

दुसऱ्या दिवशी बैठक भरली. प्रत्येकाला तेच प्रश्न आले होते. पहिल्या मजल्यावरच्या एका आजीने तर खरं सांगून टाकलं होतं. आईचं नाव सांगताना त्यांना भरून आलं होतं. त्यांना लगेच बँकेत नेऊन खातं तपासण्यात आलं. खात्यात सगळं जागेवर होतं. हर्षदभाईंच्या मते हेच जास्त गंभीर होतं, कारण याचा अर्थ टोळी घाईत नव्हती.

अनुपमाबाई तोवर शाळेत जाऊन आल्या होत्या. “अहो, त्यांच्या पुस्तकात धडा आहे. आजी-आजोबांशी गप्पा मारा आणि ही माहिती मिळवा, असा गृहपाठ आहे. ज्यांचे आजी-आजोबा गावाला आहेत त्यांनी आपल्याला विचारलं. एवढंच आहे ते.”

लोकांना हायसं वाटायला हवं होतं, पण हातातली टोळी गेल्याचं दुःख जास्त होतं.

“पुस्तक छापलं कोणी, ते बघितलं का?” हर्षदभाईंनी विचारलं.

“हर्षदभाई.”

“मी फक्त विचारतोय.”

अखेर ठरलं की शाळेत जाणं चालू ठेवायचं. मात्र सांगितलेली नावं-तारखा कोणीही दुरुस्त करायच्या नाहीत. आता खरं सांगणं म्हणजे आधी खोटं सांगितल्याची कबुली, आणि इमारतीची अब्रू काय राहील. राण्यांनीही हात वर केला. बैठकीत एकमत असलं की हात आपोआप वर जातो.

पुढचे गुरुवार बरे गेले. शीतलने पहिल्यापासून वाचायचं सोडलं आणि बाजाराच्या मध्यापासून सुरू केलं. शेवट दोन-तीन पानांवर आला.

मग एका गुरुवारी ती पुस्तक न घेता आली. दोन्ही रिबिनी जागेवर होत्या. हातात वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी होती. ती सतरंजीच्या या टोकाला, राण्यांच्या अगदी शेजारी बसली आणि हसत त्यांच्याकडे बघत राहिली.

“पुस्तक खंय?” राणे म्हणाले.

“आधी ओळखा.”

“काय ओळखू?”

“आज काय आहे?”

“गुरुवार.”

“आणि?”

राण्यांनी मनापासून विचार केला. पालिकेच्या निवडणुका होऊन गेल्या होत्या. संकष्टी नव्हती. “मराठीचा पेपर?”

मुलीचं हसू कमी झालं. “आजोबा, आज बारा तारीख.”

“बरं मग?”

“फेब्रुवारीची.”

राण्यांना तरीही उजाडलं नाही. दावे विभागात हजारो खोट्या तारखा त्यांनी पकडल्या होत्या. लोक कुठे अडकतात ते त्यांना तोंडपाठ होतं. लोक इथेच अडकतात.

“तुमचा वाढदिवस ना आज?”

“नाही,” राणे म्हणाले. आणि मग, “हो. हो, म्हणजे आहेच.”

तिने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं. पुडी पुढे केली नाही. सोडली तेव्हा आत तिच्या आईने केलेला शेंगदाण्याचा लाडू होता. तिने तो मध्यावर मोडला, अर्धा त्यांच्या हातावर ठेवला.

“आधी तुम्ही खा,” राणे गमतीने म्हणाले.

ती हसली नाही. अर्धा लाडू परत कागदात बांधून तिने खिशात टाकला आणि आत जाऊन बाईंजवळ बसली.

संध्याकाळी बोरीवलीहून मुलीचा फोन आला. श्वेताचा आवाज चढलेला होता. “पप्पा, एक फोनसुद्धा करता येत नाही? सकाळपासून वाट बघतोय तो.”

“कोण?”

“कोण काय? यज्ञेश. वाढदिवस आहे ना आज त्याचा.”

राणे पलंगावर बसले. म्हणजे तारीख बरोबर लागली होती. एका दिवसात एकच वाढदिवस ते दोनदा विसरले होते, एकदा स्वतःचा म्हणून आणि एकदा जावयाचा म्हणून.

“दे त्याला फोन,” ते म्हणाले.

यज्ञेश फोनवर आला. “काही नाही हो पप्पा, ती उगाच. मी कुठे वाट बघत होतो.”

राण्यांना आयुष्यात पहिल्यांदा त्याचं बोलणं खोटं आहे हे कळलं आणि राग आला नाही.

पुढच्या गुरुवारी शीतल दुसऱ्या सतरंजीवर, हर्षदभाईंच्या शेजारी बसलेली होती. राण्यांच्या वाट्याला एक मुलगा आला. त्याने ज्या नावाने ओळख करून दिली ते नाव राण्यांच्या कानापर्यंत पोचलंच नाही. त्यांचं लक्ष पलीकडे होतं. शीतल वाचत होती, आणि जोडाक्षर आलं की हर्षदभाई तिच्याआधी ओरडत होते.

“ती पोर माझ्याकडे का नाही बसली?” परतताना राण्यांनी विचारलं.

“मी विचारलं. म्हणाली, ते आजोबा खोटं बोलतात.” हर्षदभाई थांबले. “चंदूभाई, मुलगी हुशार आहे. आपल्या विभागात चालली असती.”

“शेवट वाचला का तिने?”

“कसला शेवट?”

“म्हशीचा.”

“नाही. पुढच्या गुरुवारवर राहिलाय.”

राणे तो आठवडा धड जेवले नाहीत. छत्री कोणाची हे ते दुकानात जाऊन बघू शकत होते. पण त्यांना तो शेवट दुकानातून नको होता. बुधवारी रात्री त्यांनी हर्षदभाईंना इंटरकॉम केला.

“मी उद्या खरं नाव सांगणार आहे.”

“वेडे झालात काय? ठराव झालाय.”

“झाला असेल.”

“नाव सांगाल. मग पत्ता विचारेल.”

“सांगेन.”

“मग आईचं नाव.”

“हर्षदभाई, माझी आई जाऊन चाळीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तिचं नाव मला या पोरीशिवाय कोणी विचारलंच नाही.”

“लाल दोरी जवळ ठेवा,” हर्षदभाई शेवटी म्हणाले आणि फोन ठेवला.

गुरुवारी राणे वेळेआधी शाळेत पोचले आणि थेट वर्गात शिरले. मुलं डबे आवरत होती. बाई मोबाइल चार्जिंगला लावत होत्या. राणे फळ्यासमोर उभे राहिले. सगळ्यांसमोरच सांगावं, नाहीतर तिला तेही खोटं वाटेल, असं त्यांनी ठरवलं होतं.

“माझं नाव यज्ञेश नाही,” ते म्हणाले. “यज्ञेश माझा जावई. माझं नाव चंद्रप्रकाश राणे. राहतो वरच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. वाढदिवस नोव्हेंबरात असतो. आईचं नाव सोनूबाई. पहिली शाळा मालवणात, समुद्रासमोर. कुत्रा नव्हता. एक मांजर होतं, त्याला नाव नव्हतं, मांजरच म्हणायचो.” त्यांनी श्वास घेतला. “हे खरं आहे. शीतलला सांगायचं होतं.”

दोन वेण्यांची मुलगी मागच्या बाकावर डब्याचं झाकण धरून बसली होती.

“मला?” बाई म्हणाल्या.

“तुम्हाला नाही. शीतलला.”

“अहो, शीतल मी. शीतल जाधव.” बाई गोंधळल्या होत्या. “माझ्या वर्गात शीतल नावाची मुलगी नाही.”

राण्यांनी मागच्या बाकाकडे पाहिलं. मुलगी डब्याच्या झाकणाकडे बघत होती. हळूहळू वर्गात कुजबुज सुरू झाली, आणि बाईंनी डोळे मोठे केले तेव्हा एकेक मूल उभं राहून कबूल करू लागलं. हर्षदभाईंच्या पोराने शेजारच्या दुकानदाराचं नाव सांगितलं होतं. अनुपमाबाईंच्या मुलीने शाळेच्या शिपायाच्या बायकोचं.

“असं का केलंत रे?” बाईंनी विचारलं.

“पोलीसकाका बोलले होते ना, टीचर,” कोणीतरी म्हणालं. “अनोळखी माणसाला खरं नाव नाही सांगायचं. म्हातारा असला तरी.”

राणे मागच्या बाकापाशी गेले. छोट्या बाकावर ते जेमतेम मावले. “माझं तर सगळं सांगून झालं,” ते म्हणाले. “तुझं खरं नाव काय गो बाय?”

मुलीने बराच वेळ घेतला. राणे बघत राहिले. त्यांना तेवढंच येत होतं.

“आईला विचारून सांगते,” ती म्हणाली. मग दप्तरातून म्हशीचं पुस्तक काढलं आणि शेवटचं पान उघडलं. “तोपर्यंत हे वाचू?”

छत्री म्हशीचीच निघाली. तीच बाजारात विसरून गेली होती.

सुशांत साळुंखे उपक्रमाआधीच्या त्या बुधवारी सकाळी शाळेत बोलले होते आणि संध्याकाळी निवांत हाइट्समध्ये. दोन्हीकडे भाषण एकच होतं.